गल्ल्याशेजारची अभिप्राय वही

नवीन दुकानाचे उद्घाटन म्हटले की आपल्याकडे दोन वस्तू हमखास आणल्या जातात. एक पेढ्यांचा खोका आणि दुसरी अभिप्राय वही. जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची ही वही टेबलावर ठेवलेली असते. साहेब लोक येतात, बँकेचे शाखाधिकारी येतात, पुढारी मंडळी येतात, आणि प्रत्येक जण थोड्याफार फरकाने तेच लिहितो: आपल्या व्यवसायाची उत्तरोत्तर भरभराट होवो. सरबत संपते, पाहुणे जातात आणि वही गल्ल्याखालच्या कप्प्यात जाऊन पडते. पुढे कधी तरी घरातली पोरे तिच्यात चित्रे काढतात, नाही तर उरलेल्या पानांवर उधारी मांडली जाते.

आमचे म्हणणे असे की ही वही उद्घाटनाच्या दिवशी नाही ठेवली तरी चालेल; ती दुसऱ्या दिवसापासून ठेवावी. तिच्यात पाहुण्याने नव्हे, तर पैसे मोजून माल नेणाऱ्याने लिहावे. आणि जे लिहिले गेले ते पान मालकाने फाडू नये. एवढ्या साध्या गोष्टीवर साप्ताहिकाची जागा कशाला अडवता, असे कोणी म्हणेल. पण तालुक्याच्या गावात धंदा करणाऱ्याचे नुकसान ज्या वाटेने होते ती वाट याच वहीत दिसते, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या नांदगाव खंडेश्वरचेच घ्या. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचे हे गाव. एसटीत बसले की तासाभरात बडनेरा मागे टाकून माणूस अमरावतीच्या बाजारात उतरतो. आता तर तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. पूर्वी गिऱ्हाईक नाराज झाले तर दुकानात येऊन भांडत असे, कारण त्याला दुसरीकडे जायला वाट नव्हती. भांडण झाले की निदान काय चुकले ते कळे. आता तो भांडत नाही. पुढच्या वेळी सरळ गाडीत बसतो. दुकानदार म्हणतो, यंदा मंदी आहे. मंदी असेलही, पण तिच्यात आपला वाटा किती हे त्याला कधीच कळत नाही.

आमचे स्वतःचे दुकान मोटर वाइंडिंगचे. शेतीपंपाच्या मोटरी, घरचे पंखे, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, असे काम. आमच्याही उद्घाटनाला वही होती आणि तिचीही दोन पाने शुभेच्छांनी भरून ती कप्प्यात गेली होती. २०१६ च्या सुमारास तीच वही आम्ही बाहेर काढली, गल्ल्याशेजारी ठेवली आणि कॉइल बांधायच्या दोऱ्याने तिला पेन बांधून टाकला. काम घेऊन जाताना दोन ओळी लिहा, असे प्रत्येकाला सांगू लागलो.

पहिला महिनाभर कोणी लिहीच ना. कारण आमच्या ध्यानात उशिरा आले. दुकानात वही पुढे केली की शेतकऱ्याला ती उधारीचीच वाटते. एका म्हाताऱ्याने तर हात मागे घेतला. "सही कायले पायजे भाऊ? उधार तं म्या काई ठेवलं नाई." सावकाराच्या कागदावर ज्याच्या बापजाद्यांनी अंगठे दिले त्याने कोऱ्या पानाला भ्यावे, यात नवल नाही. मग आम्ही वहीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिले की ही हिशेबाची वही नाही, सही नको, काम कसे झाले तेवढेच लिहा. तेव्हा कुठे लोक लिहू लागले. ज्यांना लिहिता येत नव्हते ते सोबतच्या पोराकडून लिहवून घेऊ लागले. बहुतेक मजकूर चांगलाच असे. माणूस तोंडासमोर वाईट लिहीत नाही, आणि काम नीट होऊन मोटर हाती आलेली असताना तर मुळीच नाही. आम्हीही सुखावलो. येणाऱ्याजाणाऱ्याला वही उघडून दाखवू लागलो.

इथे आमचे चुकले ते सांगतो.

२०१७ ची रब्बी होती. हंगामात आमच्या दुकानासमोर मोटरींची रांग लागते. मोनोब्लॉकची वाइंडिंग भरल्यावर तिला वार्निश द्यावे लागते आणि ते वार्निश पक्के सुकू द्यावे लागते. आम्ही दोनशे वॉटचे बल्ब लावून सुकवतो. त्याला वेळ लागतो. त्या दिवशी एक शेतकरी दारात बसून होता. त्याचा गहू एकवीस दिवसांचा झाला होता. गव्हाला मुकुटमुळे फुटतात ती हीच वेळ. त्या वेळचे पाणी चुकले तर पुढे कितीही पाणी द्या, फुटवे भरून येत नाहीत. त्याची घाई खरी होती. आम्ही वार्निश हाताला चिकटत नाही एवढे पाहिले आणि मोटर देऊन टाकली. चौथ्या दिवशी ती जळाली.

तो पुन्हा आला तेव्हा आम्ही दुकानात नव्हतो. सोबत त्याची मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. तिने वहीत नीटनेटक्या अक्षरात लिहिले की मोटर चौथ्या दिवशी जळाली, पैसे पूर्ण घेतले, काम अर्धे केले, आणि गव्हाचे पाणी चुकले. खाली तारीख. शिव्या नाहीत, काही नाही. ते वाचून आमच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी एक मोठे गिऱ्हाईक येणार होते, वही पाहणार होते. आम्ही ते पान फाडले.

मोटर आम्ही पुन्हा भरून दिली, पैसे घेतले नाहीत. आमच्या मते हिशेब पुरा झाला होता. तो मोटर न्यायला आला, वही उघडली, पाने मागे-पुढे केली आणि आमच्याकडे पाहिले. "मोटर जळली त्याचं काई नाई, यंत्र हाये. माह्या लेकीनं लिवलेलं कायले फाडलं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो गेला तो आजपर्यंत आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. त्याच्या गावचे आणखी चार-पाच लोक होते, तेही हळूहळू अमरावतीला मोटरी नेऊ लागले. फुकट भरलेल्या वाइंडिंगची गोष्ट त्याने गावात सांगितली की नाही, आम्हास माहीत नाही. फाडलेल्या पानाची मात्र सांगितली.

आणखी एक झाले. शिवलेल्या वहीत एका कागदाची मधोमध घडी घालून दोन पाने केलेली असतात. एक पान फाडले की शिवणीपलीकडचे त्याचे जोडपान मोकळे होते. आठ-दहा दिवसांत ते जोडपान वहीतून निसटून खाली पडले. त्याच्यावर एका म्हाताऱ्या बाईने नातवाकडून लिहवून घेतले होते की पंखा चांगला झाला आणि पोराने दहा रुपये कमी घेतले. वाईट पान आम्ही काढले, चांगले आपोआप गळून पडले. ते सुटे पान आम्ही अजून जपून ठेवले आहे.

त्यानंतर आम्ही दोनशे पानांचे नवे रजिस्टर आणले आणि लिहायला देण्याआधी प्रत्येक पानावर शाईने आकडा घातला. बँकेच्या, कचेरीच्या वह्यांना आकडे का असतात ते तेव्हा समजले. आकडा घातला की पान फाडण्याची सोयच राहत नाही. सत्तेचाळीसनंतर एकोणपन्नास आले की शाळकरी पोरही विचारते, मधले कुठे गेले? दुसरा नियम असा केला की तक्रारीखाली आमचे उत्तर तारखेसह आठ दिवसांच्या आत लिहायचे. उत्तर म्हणजे सफाई नव्हे. बेअरिंग आमच्याकडून सैल बसले असेल तर तसे लिहायचे. गिऱ्हाइकाने कंडेन्सर लावून मोटर दोन फेजवर चालवली असेल तर तेही लिहायचे.

या नियमाचा जो फायदा झाला तो आम्ही मनातही आणला नव्हता. एका हंगामात परत जळून आलेल्या मोटरींच्या सहा नोंदी आल्या. एरवी सहा वेळा वाद झाले असते आणि सहाही वेळा आम्ही वाइंडिंगला किंवा गिऱ्हाइकाला दोष दिला असता. पण नोंदी एकाखाली एक वाचल्या तेव्हा दिसले की सहापैकी पाच विहिरी एकाच डीपीवर होत्या. तीनपैकी एक फेज गेला तरी मोटर गुरगुरत चालूच राहते, उरलेल्या दोन फेजांवर भार पडतो आणि रात्रीच्या पाळीत, शेतकरी झोपलेला असताना, वाइंडिंग जळून जाते. पाचही जणांना आम्ही सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवायला लावला. ज्यांच्याकडे तो होता पण तार तोडून ठेवलेला होता, त्यांना तो जोडायला लावला. पुढे त्या डीपीवरून जळकी मोटर क्वचितच आली. कोणी म्हणेल, मोटरी जळण्यातच तुमचा धंदा आहे. असे म्हणणाऱ्याने एकदा रब्बीत आमच्या दुकानात बसून पाहावे.

आमच्या गावचे खंडेश्वराचे हेमाडपंती मंदिर लांबलांबून लोक पाहायला येतात. तिथे यादवकाळातला शिलालेख आहे, देणग्यांची नोंद करणारा. दान कोणी दिले ते दगडात कोरून ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. नाराज होऊन कोण गेले हे कोरण्याची रीत मात्र कुठेच नाही, आणि उद्घाटनाच्या दिवशीची वही आपण त्याच रीतीने भरवतो.

तक्रारीची वही आपल्याला नवी नाही. रास्त भाव दुकानात तक्रार वही ठेवावी असा शासनाचाच नियम आहे, एसटीच्या आगारातही ती असते. पण ती मागितली की देणाऱ्याचा चेहरा बदलतो. ‘कशाला पाहिजे?’ हा पहिला प्रश्न. जी वही मागावी लागते ती असून नसल्यासारखीच. ती हाताजवळ उघडी असली पाहिजे आणि पेन चालू असला पाहिजे.

लिहिणाऱ्याच्या भाषेला हसू नये, हेही सांगितले पाहिजे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या एका प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला तक्रार लिहिली होती. स्टेशनवर गाडी थांबली म्हणून ते शौचास उतरले आणि गार्डाने तेवढ्यात गाडी सोडली. धावताना त्यांची सर्वांसमोर फजिती झाली. इंग्रजी इतके मोडकेतोडके की आजही लोक ते पत्र वाचून हसतात. पण ते पत्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पोहोचले, आणि गाडीच्या डब्यांत शौचालये येण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. गार्डाने सोडलेल्या गाडीमुळे हाल कोणाचे होतात, ते चांगले इंग्रजी जाणणाऱ्या साहेबांना ठाऊक नव्हते. आमच्या वहीतही ‘वाइंडींग’, ‘वाईनडिंग’, ‘वायडिंग’ असे सगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकातून मोटरीला काय झाले ते बरोबर कळते.

झाकण्याच्या बाबतीत आपल्या वाचकांना एक प्रसंग माहीत असेलच. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तो बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. तेव्हा, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. पाऊस पडला हा विक्रेत्याचा दोष नव्हता. ओले धान्य खाली गेले, तो दोष त्याचा होता. आमची मोटर जळाली यात काही भाग घाईचा, काही नशिबाचा म्हणता येईल. पान फाडणे हा भाग सर्वस्वी आमचा होता.

आता नव्या पिढीचे म्हणणे पाहू. आमचा पुतण्या सांगतो की वही कोण वाचते, फोनच्या नकाशावर दुकान टाका, लोक तारे देतील. आम्ही दुकान टाकलेही आहे आणि त्यामुळे बाहेरगावची दोन-चार गिऱ्हाइके आली, हे कबूल. पण तारे विकत मिळतात हे आता लपून राहिलेले नाही. आम्हालाही फोन आला होता की इतक्या रुपयांत पन्नास चांगले शेरे टाकून देतो. ज्यांनी नांदगाव कधी पाहिले नाही ते आमच्या वाइंडिंगची तारीफ करणार! या प्रकाराला आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक स्वरूपात आणले गेले. म्हणजे ज्याला पाळायचे त्याने पाळावे.

शिवाय इंटरनेटवरही ही वही एकदा होऊन गेली आहे. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या दशकात जगभरचे हौशी लोक जिओसिटीजसारख्या फुकटच्या जागेवर स्वतःचे पान मांडीत आणि त्याच्या खाली ‘गेस्टबुक’ ठेवीत. आलेल्याने नाव, गाव आणि दोन ओळी लिहाव्यात, मालकाने उत्तर द्यावे, अशी ती पद्धत. पुढे जाहिराती चिकटवणारी यंत्रे आली, रातोरात त्या वह्या भलत्याच मजकुराने भरू लागल्या आणि मालकांनी त्या बंद केल्या किंवा वाऱ्यावर सोडल्या. जिओसिटीजही २००९ साली बंद झाले आणि पाने गेली, तशा वह्याही गेल्या. फोनवरचे तारे उद्या कोणाच्या मर्जीने दिसेनासे होतील ते आपल्या हाती नाही. आमचे रजिस्टर आमच्या कपाटात आहे, आणि त्यात लिहिणाऱ्याला आम्ही तोंडाने ओळखतो. पुतण्याला आम्ही म्हटले, तू तारे सांभाळ, आम्ही वही सांभाळतो.

व्यापारी बांधव दोन शंका काढतात. पहिली अशी की बाजूचा दुकानदार माणूस पाठवून खोटे लिहवील. लिहवील. आमच्याकडे एकदा तसे झाले असावे. ज्या पंख्याबद्दल तक्रार होती तसा पंखा आमच्याकडे आलाच नव्हता. आम्ही खाली लिहिले की या तारखेला असे काम आल्याचे आमच्या बिलबुकात नाही, पंखा घेऊन यावे, फुकट पाहून देऊ. कोणी आले नाही. तालुक्याच्या गावात खोटे फार दिवस टिकत नाही, कारण कोणाच्या घरी कोणता पंखा आहे हे सगळ्यांना माहीत असते.

दुसरी शंका कायद्याची. स्वतःच्याच दुकानात स्वतःविरुद्ध पुरावा कशाला ठेवायचा? ही भीती आम्हास पटत नाही. आपल्याकडे पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत काढली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. दुरुस्तीचे काम हीसुद्धा सेवा आहे आणि तिच्यातील उणिवेबद्दल गिऱ्हाइकाला दाद मागता येते. त्याला जायचे असेल तर तो आपल्या वहीवाचूनही जाईल; त्याच्याजवळ बिल असते, आणि आजकाल फोनमध्ये फोटोही असतो. उलट, अमुक तारखेला तक्रार आली, अमुक तारखेला काम पुन्हा करून दिले, ही नोंद दुकानदाराच्याच कामाची आहे.

वहीत एक रकाना मात्र ठेवू नये, तो मोबाइल नंबरचा. पुष्कळ दुकानांत तो असतो. मागून आलेला कोणीही तो उतरवून घेतो. आयाबायांना याचा त्रास होतो आणि त्या पुन्हा दुकानात येत नाहीत. नंबर हवा असेल तर बिलबुकात घ्यावा, ते गल्ल्याच्या आत असते. नाव लिहायचे की नाही हेही लिहिणाऱ्यावर सोडावे. गावाचे नाव पुरते. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे दुकानातल्या नोकराने लिहू नये. नोकर मालकाकडे पाहून लिहितो. रस्त्याने जाणारे शाळेचे पोर बोलवावे, ते ऐकले तसे लिहिते. आमच्या वहीतली सर्वांत खरी अक्षरे सातवी-आठवीच्या पोरांची आहेत.

खर्च म्हणाल तर रजिस्टर शे-सव्वाशे रुपयांना मिळते. किराणा, कापड, कृषी सेवा केंद्र, पिठाची गिरणी, कुणालाही ते परवडावे. आमचे आता तिसरे रजिस्टर चालू आहे. गेल्या आठवड्यात पान त्रेसष्टवर एकाने लिहिले आहे की सकाळी नऊला या म्हणून सांगितले, साडेदहापर्यंत दुकान बंद होते, मजुरी बुडाली. खरे आहे, त्या दिवशी आम्ही उशिरा उठलो. आठ दिवस उद्या पुरे होतात आणि खाली उत्तर लिहायचे अजून राहिले आहे.